तळ्याच्या बाजूची सीट

२ सप्टेंबर, शनिवार. सकाळ.

कॅमेरा आला. काळा, जड, गंभीर. सोबत माहितीचं जाडजूड पुस्तक. वाचणार नाही. ज्याला नजर आहे त्याला पुस्तक लागत नाही. बोर्डिंगच्या शाळेत सिस्टर ओदील म्हणायच्याच, रेजानला नजर आहे. (पुढे म्हणायच्या, फक्त बैठक नाही. पण ते इथे गैरलागू.)

योजना सोपी आहे. माझी थोरली बहीण फ्लेरेत वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. मार्चमध्ये ती बाहेरच्या जिन्यावर बर्फावरून घसरली, तेव्हापासून तिच्या मुलाचं, दनीचं, एकच टुमणं: आईला मी खाली ज्योलियेतला, माझ्याकडे नेतो. तळमजल्यावरची खोली, न्हाणीघरात धरायला दांडी, वगैरे. ५ ऑक्टोबरच्या गाडीचं ठरलंय म्हणे. पलंगाखालची सूटकेस बाहेर आली आहे.

मी लूत्रवरून जाणाऱ्या गाडीतून आमच्या जुन्या घराचा फोटो काढणार. तळं, पिवळी बर्चची झाडं, मध्ये घर. मोठा करून तिच्या पलंगासमोर लावणार. ती बघेल आणि सूटकेस पायाने आत ढकलेल. मी तिला ओळखते.

दुपार.

वरून काठीचे दोन ठोके. म्हणजे कॉफी. गेले. फोटोचं सांगितलं, हेतू नाही सांगितला. फ्लेरेत म्हणाली, कुठलं घर? अगं बये, तिथे आता काय राहिलंय! मी म्हटलं, तुला कसं कळणार, तू गाडीत बसल्यापासून झोपतेस. ती म्हणाली, मी झोपत नाही, डोळे मिटते.

कॉफी संपवून खाली आले.

५ सप्टेंबर, मंगळवार. गाडीत.

खाली जाणारी गाडी. उजवी बाजू पकडली, कारण तळं उजवीकडे. बोर्डिंगला जाताना ते कायम उजवीकडेच असायचं. संकल्प: लूत्र येईपर्यंत उठायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, खायचं नाही.

नंतर.

खडक. सबंध लूत्रभर खडक. नॉर्माँ, म्हणजे आमचा कंडक्टर, मागे येऊन उभा राहिला. मादाम रेजान, खडकाचे फोटो काढताय? तळं त्या बाजूला आहे. मी म्हटलं, माहीत आहे, मी दगडाचा पोत अभ्यासते आहे. तो म्हणाला, मग इथून पुढे ला तूक स्टेशनपर्यंत तुमची चैन आहे.

धावत दुसऱ्या बाजूला गेले तोवर नुसती झाडं. स्प्रूस, स्प्रूस, स्प्रूस. या झाडाला काहीही झालं तरी दुसरं झाड व्हावंसं वाटत नाही.

६ सप्टेंबर, बुधवार. परतीच्या गाडीत.

काल तळं डावीकडे होतं, म्हणून आज डावीकडे बसले.

खडक.

गाडी आता उलट दिशेने चालली आहे हे माझ्या लक्षात होतंच. फक्त जरा उशिरा आलं.

७ सप्टेंबर, गुरुवार.

फ्लेरेतने खडक पाहिले. सगळे. भिंग लावून. मग म्हणाली, हा जरा दनीसारखा दिसतो.

मी म्हटलं, तळं उजवीकडे असायचं, शपथेवर सांगते. त्यावर तिने चक्क डोळे पुसले, हसून हसून. म्हणाली, अगं आपण उलट्या तोंडाने बसायचो! घर शेवटपर्यंत दिसावं म्हणून. तूच हट्ट करायचीस, आणि मग तुलाच मळमळायचं.

खरंच. विसरलेच होते. बाबा लूत्रला लाइनीचे मुकादम. रेल्वेचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. सप्टेंबरात आम्हा दोघींना बोर्डिंगच्या निळ्या कोटात गाडीत चढवायचे, आणि आम्ही मागे बघत बसायचो. आई दारात. हात हलवायची, पण कमरेपाशी, नुसती बोटं. लाइनीवर राहणारी माणसं तशीच हात हलवतात. आमच्या गाडीला तिथे स्टेशन नाही; हात वर केला की ती थांबते. मग उगीच हात वर कसा करणार? बाबांनी आम्हाला चालायच्या आधी ते शिकवलं असेल. हात कमरेच्या वर नको. बोर्डिंगात बाकीच्या मुली हसायच्या, की लूत्रच्या पोरी निरोप देतात का पीठ झटकतात.

मुद्दा हा, की बाजू नक्की झाली. जाताना डावी. आता अपयशाला जागाच नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार. गाडीत.

डावी बाजू. ऊन उत्तम. लाल जाकीट घातलं आहे, उत्साह वाटतो.

फक्त एकदा उठले, पुढच्या डब्यातली खिडकी जास्त स्वच्छ आहे का बघायला. नव्हती. परत आले. मग मागच्या डब्यात. तीही नव्हती. नॉर्माँ म्हणाला, मादाम, तुम्ही ला तूकपर्यंत चालत चाललात की काय? तिकीट कशाला काढलंत?

लूत्र आलं. फोटो काढले! ऑल्डरच्या झुडपांमागे छपराचा कोपरा मला स्पष्ट दिसला. तपकिरी, जरा कललेला. नॉर्माँला दाखवला. तो म्हणाला, ते बीव्हर प्राण्याने फांद्या रचून केलेलं घर आहे. असेल, पण बीव्हरच्या घराला इतका नीट कोपरा असतो का?

१४ सप्टेंबर, गुरुवार.

सगळ्या फोटोंत मी आहे. काचेत पडलेली. जंगलावर लाल जाकीट आणि त्यावर माझं तोंड, एकात सँडविचसकट.

फ्लेरेत म्हणाली, हा बरा आहे की. आई झाडीतून रागावून बघतेय असं वाटतं. मी म्हटलं, ती मी आहे. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

सूटकेस अजून बाहेर. पण पाहिलं, त्यात फक्त स्वेटर आणि लोकरीचे मोजे आहेत. कॉफीचं भांडं ओट्यावरच. ज्याला खरंच जायचंय तो आधी कॉफीचं भांडं सामानात घालतो. म्हणजे तिचं अजून ठरलेलं नाही.

संकल्प: काळे कपडे. काचेत काळं उमटत नाही. हे पुस्तकात आहे. (चाळलं. वाचलं नाही.)

१९ सप्टेंबर, मंगळवार. गाडीत.

आपादमस्तक काळी. काळी टोपीही. स्टेशनवर लवकर जाऊन व्हिनेगर आणि वर्तमानपत्राने खिडकी बाहेरून लख्ख पुसली. तिथला माणूस बराच वेळ बघत होता. झाल्यावर म्हणाला, हा डबा आज जात नाही. आधी सांगायला काय झालं होतं, विचारलं. तर म्हणाला, मला वाटलं तुम्हाला आवडतंय.

डबा शिकाऱ्यांनी भरलाय. मूस या थोराड हरणांच्या शिकारीचा मोसम. सगळे नारिंगी, मी एकटी काळी. समोरच्या दाढीवाल्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, जवळचं कोणी होतं का? मी गोंधळून म्हटलं, बहीण. म्हणायचं होतं की बहिणीसाठी फोटो काढते आहे, पण तोवर तो बाकीच्यांना सांगून आला होता. सबंध डब्याने टोप्या काढल्या. एकाने क्रेतों, म्हणजे डुकराच्या मांसाचं वाटण, लावलेलं सँडविच आणून दिलं, दुसऱ्याने थर्मासमधलं वाटाण्याचं सूप. नको म्हणता येईना. खोटं बोलले नाही मी, फक्त वाक्य पूर्ण केलं नाही. सिस्टर ओदीलने हे पाप कुठल्या रकान्यात घातलं असतं कोण जाणे.

सूप फार चांगलं होतं.

नंतर.

लूत्र. आमची गाडी बाजूच्या रुळावर थांबली. बरोबर तळ्यासमोर! देवाने स्वतः थांबवली असं वाटलं. कॅमेरा उचलला, आणि खिडकीसमोरून मालगाडी सुरू झाली. लाकडाच्या वाघिणी, गव्हाच्या वाघिणी, टाक्या, परत लाकडं. संपेचना. शेवटचा डबा गेला आणि आम्हीही निघालो.

मालगाडीचे फोटो मात्र अतिशय स्वच्छ आले आहेत. काचेत काहीच उमटलेलं नाही. पद्धत बरोबर आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार.

फ्लेरेतला वाघिणी दाखवल्या. म्हणाली, बाबांना आवडल्या असत्या. सुपाचं सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण कोण गेलं ते सांगितलं नाही.

निघताना तिने कॉफीचं भांडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे तू ठेव, दनीकडे बटण दाबायचं मशीन आहे. आईचं भांडं, कडीला तार गुंडाळलेलं.

विचार केला. सांभाळायला दिलंय म्हणजे परत न्यायला येणार. चांगली खूण आहे.

२६ सप्टेंबर, मंगळवार. गाडीत.

आता काचच नको. नॉर्माँला विनवून सामानाच्या डब्यात जागा मिळवली. मोठं सरकतं दार, मध्ये जाड आडवी दांडी, बाहेर सगळं जग उघडं. बर्च पूर्ण पिवळे. वारा गार. मन प्रसन्न. मागे कनू होड्या, पेट्रोलचे डबे, आणि ताडपत्रीवर एक मेलेला मूस, शिंगं दाराकडे करून.

मूसची मंडळी गेल्या वेळचीच निघाली. दाढीवाला म्हणाला, मादाम, सावरलात का? सावरले म्हटलं. मग म्हणाला, तुमच्याकडे मोठा कॅमेरा आहे, आमचा एक काढा ना, मूसबरोबर. मी म्हटलं, मी निसर्गचित्रं काढते. तो म्हणाला, हा निसर्गातलाच आहे.

सूप आठवलं. काढला. पण एक जण शिंगामागे लपला होता. त्याला पुढे घेतला. मग दुसऱ्याने डोळे मिटले. मग मूसची जीभ बाहेर होती, ती आत ढकलायला लावली. मला अर्धवट काम चालत नाही.

नॉर्माँ येऊन म्हणाला, झालं का मनासारखं? लूत्र गेलं की आत्ताच.

२८ सप्टेंबर, गुरुवार.

मूसचा फोटो सगळ्यांना फार आवडला. दनीलाही, म्हणजे फ्लेरेतने त्याला पाठवला. त्याने फोनवर विचारलं, मावशी, अजून असे आहेत का? मला स्वतःला तो सामान्य वाटतो.

गाडीतून हे जमणार नाही. माझा दोष नाही, गाडी हलते. नवी योजना: लूत्रला उतरायचं. तळ्याकाठी नॉर्माँच्या मेव्हण्याची झोपडी आहे, किल्ली खिळ्याला असते. मंगळवारी उतरायचं, बुधवारी निवांत घराचा फोटो. स्टँड विकत घेतला, तीन पायांचा. फोटोचं कार्ड नॉर्माँच्या परतीच्या गाडीने पाठवायचं, बुधवारी संध्याकाळी फ्लेरेतच्या हातात. गुरुवारी तिची गाडी. वेळ आहे.

१ ऑक्टोबर, रविवार.

चर्चमधून येताना फ्लेरेत जिन्याच्या तळाशी थांबली. वर बघत राहिली. मी म्हटलं, हात दे. ती म्हणाली, हाताचा प्रश्न नाही गं. मग कठड्याला धरून म्हणाली, रेजान, हा जिना आणि अजून एक हिवाळा माझ्याच्याने होणार नाही. तू फोटो आण नाहीतर आणू नकोस, मी जाणार आहे. वर जायला तिला इतका वेळ लागला की खालच्या पायरीवर उभी राहून माझेच पाय थंड पडले.

म्हणजे फोटोचं तिच्या डोक्यात घोळतंय. नाहीतर विषय काढला असता का?

३ ऑक्टोबर, मंगळवार. लूत्र.

उतरले. गाडीतले सगळे खिडक्यांना चिकटले होते. नॉर्माँने स्टँड खाली दिला आणि तीनदा बजावलं: गुरुवारी फ्लेरेत गाडीत असेल, वेळेत जायचंय, उगीच हात वर करू नका, ड्रायव्हरने हात पाहिला की तो थांबवतोच. तुम्हाला न्यायला शुक्रवारची गाडी. मी म्हटलं, नॉर्माँ, मी मुकादमाची मुलगी आहे. मला हात शिकवतोस?

झोपडी बरी आहे. उंदीर आहेत पण सभ्य. बाहेर गेले, आत आले, बाहेर गेले. घराकडे आज गेले नाही, ऊन उतरलं होतं. चुलीपाशी बसले. उठले. इथे बोलायला कोणी नाही आणि वरून ठोकायलाही कोणी नाही. छताकडे दोनदा बघितलं.

४ ऑक्टोबर, बुधवार.

पहाटेपासून तयार. ऊन पाहिजे तसं. तळं आरशासारखं. स्टँड नीट बसला.

घराचा फोटो मिळाला नाही. प्रकाश वेगळ्या बाजूने होता. शिवाय झुडपं फार. शिवाय घर नाही.

नंतर.

विहिरीवरचं सिमेंटचं झाकण आहे. आईची रुबार्ब आहे, आंबट देठांची भाजी, दाराशी लावलेली. पानं सुपाएवढी झाली आहेत, रुळापर्यंत पसरली आहेत. कोणी तोडायला नाही तर ती कशाला थांबते. दार नाही, त्यामुळे ती आता नुसतीच आहे.

ऑल्डरमागचं छप्पर बीव्हरचंच. कोपरा खरंच नीट आहे. त्यांचं काम चांगलं.

परतीची गाडी गेली. फोटो पाठवला नाही. नॉर्माँने दारातून खूण करून विचारलं, मी कमरेपाशी बोटं हलवली. गाडी गेली.

संध्याकाळ.

निराश अजिबात नाही. उलट यापेक्षा चांगली कल्पना सुचली. उद्या फ्लेरेतची गाडी इथून जाणार. पुढे रुबार्ब, मागे तळं, मध्ये गाडी आणि खिडकीत फ्लेरेत. असा फोटो आजवर कोणी काढला नसेल. स्टँड लावून ठेवायचा, शांत उभं राहायचं, एकदा बटण दाबायचं. हात हलवायचा नाही, कमरेपाशीसुद्धा नाही. ती जाईल आणि मी फोटोत तिला ठेवून घेईन. झालं. यात रडण्यासारखं काही नाही, आणि मी रडत नाहीये, चूल धुरावते आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार. गाडीत.

गाडीत लिहिते आहे, यावरून कळेलच.

सगळं नीट होतं. रुबार्बमध्ये स्टँड. सगळे आकडे आधीच लावलेले. गाडी वळणावर दिसली. पहिला डबा गेला, आणि दुसऱ्याच्या खिडकीत निळी टोपी. फ्लेरेत डावीकडे बसली होती, डोळे उघडे. उघडे म्हणजे सताड. काचेला नाक लावून ती घराच्या जागेकडे बघत होती. मग मी दिसले. तिने कमरेपाशी बोटं हलवली. काचेच्या खालच्या कडेला नुसती बोटं दिसली, पाच.

मला एकदम खांद्यात कळ आली. हात वर गेला. सरळ वर, कानाला लागेपर्यंत. मग दुसराही.

मागच्या दारातून बघणाऱ्या नॉर्माँने पाहिलंच. ब्रेक कर्कश वाजले, गाडी पुढे जाऊन थांबली आणि चक्क मागे आली. त्याने पायरी खाली ठेवली आणि विचारलं, मादाम रेजान, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, खांदा आखडला होता. तो म्हणाला, गाडी खांद्याला थांबत नाही, हाताला थांबते. थांबवलीत ना, मग चढा तरी.

सगळ्या खिडक्यांत तोंडं. दाढीवालाही. फ्लेरेत दारापाशी येऊन ओरडली, चढ गं, लोक खोळंबलेत! बोर्डिंगच्या पहिल्या दिवशी ओरडली होती तशीच. चढले. ज्योलियेतपर्यंत. दातांचा ब्रशसुद्धा नाही.

दाढीवाल्याने फ्लेरेतला आपली जागा दिली, मला म्हणाला, ह्या कोण? मी म्हटलं, बहीण. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आमचं सूप फुकट गेलं तर.

आता आम्ही दोघी उलट्या तोंडाने बसलो आहोत. मला मळमळतंय. फ्लेरेतने विचारलं, काय होतं तिथे? मी म्हटलं, रुबार्ब. ती म्हणाली, किती? मी हात लांब करून दाखवला. तिने तो खाली ओढून आपल्या मांडीवर ठेवला, म्हणाली, बस आता एका जागी. मग म्हणाली, घर पाडलं तेव्हा बाबा मला इथे घेऊन आले होते. तुला सांगितलं नाही, तुझी परीक्षा होती. त्यानंतर इथून जाताना मी डोळे मिटते. आज तू उभी असशील म्हणून उघडले.

परीक्षा कुठली ते दोघींनाही आठवेना.

स्टँड रुबार्बमध्येच राहिला.

८ ऑक्टोबर, रविवार. ज्योलियेत.

खोली चांगली आहे. दांडी भक्कम आहे, ओढून पाहिली. कॉफीचं मशीन मूर्ख आहे. वर कोणी राहत नाही, खाली कोणी राहत नाही, तरी फ्लेरेतने जेवणानंतर काठी दोनदा आपटली. मी उठलेच.

उद्या परत. इथे राहायचा प्रश्नच नाही, माझी कुंड्यांतली झाडं आहेत. ख्रिसमसला येईन म्हटलं. कॅमेरा आवरायला घेतला तर तो तिच्या कपाटात, स्वेटरांखाली. ती म्हणाली, तो राहू दे इथे. मी सांभाळते.

९ ऑक्टोबर, सोमवार. वर जाणारी गाडी.

या वेळी बाजू बरोबर. जाताना डावी, येताना उजवी, आता कधी चुकणार नाही. काळा कोट. काच स्वच्छ, रात्री पाऊस झाला असावा. ऊन अगदी पुस्तकात सांगितलं आहे तसं. कॅमेरा नाही.

ला तूकपासून जागची हलले नाही. नॉर्माँने दोनदा येऊन विचारलं, बरं वाटतंय ना?

लूत्र आलं. बर्च अर्धे झडलेले. तळं, विहिरीचं झाकण, रुबार्ब, आणि रुबार्बमध्ये माझा स्टँड, तीन पायांवर, रुळाकडे तोंड करून. नॉर्माँ म्हणाला, थांबवू का, घेता का? मी नको म्हटलं. राहू दे, कोणीतरी असावं तिथे.

मग हात वर केला. सरळ, पूर्ण वर, आम्हाला कधी करू दिला नव्हता तसा. गाडी थांबली नाही. आतून केलेल्या हाताला ती थांबत नाही.